ऋणावाचून बंध

माणूस माणसाशी बांधला जातो तो कशाने, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा आहे असे आपण समजतो. पण आपल्या भाषेने त्याचे उत्तर कधीच देऊन टाकले आहे. एखाद्या अनोळखी माणसाशी घटकाभरात सूर जुळले, की आपण सहज म्हणून जातो, “मागल्या जन्मीचे काही ऋणानुबंध असतील.” शब्द मोठा गोड आहे. इतका गोड, की त्याच्या पोटात सावकाराची वही दडलेली आहे हे ध्यानातही येत नाही. ऋण आधी आणि बंध मागून! कुणीतरी कुणाचे काही देणे लागत होते म्हणून गाठ पडली. आणि देणे फिटले की गाठ सुटायची.

दिवाळीच्या दिवसांत तर हा हिशेब घराघरांतून चालू असतो. शेजारणीने फराळाचे ताट पाठविले, तर ते रिकामे परत करायचे नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात घालायची. ताट रिकामे गेले तर शेजारीण रागावेल असे नव्हे. पण देणे-घेणे तिथेच मिटेल, आणि देणे-घेणे मिटले की शेजारही मिटला. कुणाचे ताट कुणाकडे उरले आहे हे नीटसे कळू नये, यातच शेजाराची खरी गोडी.

याहून अगदी निराळ्या पायावर उभी राहिलेली मैत्री मी पाहिली, ती २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत, नेपाळात. अन्नपूर्णेच्या तळछावणीपर्यंत जाणारी अकरा दिवसांची पायी सहल होती. आम्ही पाच मराठी माणसे: एस.टी.तून निवृत्त झालेले काका, त्यांच्या पत्नी काकू, साठी ओलांडलेल्या आणि आयुष्यभर मुलांना शिकविलेल्या मावशी, सह्याद्रीतले गड पालथे घातलेला साताऱ्याकडचा एक तरुण, आणि मी. खर्च वाटला जावा म्हणून काठमांडूच्या व्यवस्थापकांनी आम्हाला आणखी सात जणांशी जोडून दिले. हे सात म्हणजे नॉर्वेची तीन, डेन्मार्कची दोन आणि स्वीडनची दोन मुलेमुली. सारी वीस ते पंचवीस वर्षांची. त्यांची नावे मी इथे देत नाही. मैत्री झाली म्हणून माणसाला छापून काढण्याचा हक्क मिळतो, असे मला वाटत नाही.

पहिले दोन दिवस दोन्हीकडून नुसते हसणे चालले होते. इंग्रजी ना त्यांची ना आमची. दोन्ही पक्ष ती भाषा भाड्याच्या घरासारखी जपून वापरीत होते. मग एका संध्याकाळी चुलीपाशी अंकांचा विषय निघाला. डेन्मार्कचा मुलगा म्हणाला, आमच्या भाषेत पन्नासाला ‘हाल्ट्रेस’ म्हणतात, आणि त्यावरून हे स्वीडिश लोक आम्हाला हसतात. मूळ शब्दाची फोड केली तर ती ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’ अशी होते. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. मावशी एकदम ओरडल्या, “अरे, म्हणजे अडीच विसा!” आणि खरेच, आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ या शब्दावरूनच झिजत झिजत आलेला आहे. माझी आजी आंबे विशांनीच मोजत असे. हजारो कोसांवरची दोन माणसे पन्नासापर्यंत एकाच वाटेने गेली होती! त्या रात्री सगळ्यांनी मिळून मराठी पाढे म्हटले.

हा मुलगा ज्या शाळेतून आला होता, तिची हकीकत ऐकून मला त्याचा हेवा वाटला. ग्रुंटविग नावाच्या डॅनिश धर्मोपदेशकाच्या कल्पनेतून असली पहिली लोकशाळा १८४४ साली रोडिंग गावी निघाली. तिथे परीक्षा नाही, पदवी नाही. शिकविणारे आणि शिकणारे एका छपराखाली राहतात, एका टेबलाशी जेवतात. मॅट्रिकपुढची पायरी न चढलेल्या मास्तरणीला अशी शाळा आवडली तर नवल काय?

तिसऱ्या दिवशी मात्र ठिणगी पडली. घांद्रुकच्या चहाच्या दुकानात काकांनी बाराही जणांचे पैसे देऊन टाकले. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाने असे करायचेच असते, आणि धाकट्यांनी ‘कशाला, कशाला’ म्हणत खिशात हात घालण्याचे नाटक करायचे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वीडनची मुलगी वही घेऊन आली आणि सात चहांचे पैसे मोजून तिने काकांच्या पुढ्यात ठेवले. काकांचा चेहरा उतरला. “हिला म्हणावं, मी काय हॉटेल काढलंय?” ते मला मराठीत म्हणाले. मी शब्द मवाळ करून विचारले, तेव्हा ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, “त्यांनी माझ्यासाठी पैसे भरले, तर उद्या मनात नसतानाही मला त्यांच्याशेजारी बसावे लागेल. आता मी बसेन, ती मला बसायचे आहे म्हणून.” आणि ती खरोखरीच त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

वाचकहो, या उत्तराने मला बरेच दिवस झोपू दिले नाही. एका चहाच्या पेल्याने त्या मुलीचे स्वातंत्र्य जाणार होते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे. पण चहाच्या जागी शिक्षण, लग्न, नोकरी, घर ठेवून पाहा. मग हसू येत नाही. किती माणसे आपल्याकडे केवळ जुन्या उपकाराच्या दोरीने नकोशा खुर्चीवर बांधलेली असतात!

हेन्रिक बेरग्रेन आणि लार्स ट्रेगोर्ड या दोन स्वीडिश इतिहासकारांनी २००६ साली एक पुस्तक लिहून आपल्या समाजाचा हा स्वभाव उलगडून दाखविला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की स्वीडिश माणसाच्या मते खरे प्रेम आणि खरी मैत्री जे एकमेकांवर अवलंबून नाहीत त्यांच्यातच होऊ शकते. अवलंबून असलेल्याने प्रेम दाखविले, तर ते प्रेम की गरज, हे कुणी ओळखावे? म्हणून त्यांनी माणसाला माणसाच्या उपकारातून सोडविण्याचे काम सरकारावर सोपविले. नॉर्वेत विद्यार्थ्यांना कर्ज देणारी सरकारी संस्था १९४७ सालीच निघाली. तिथल्या समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला तो १९६९ साली. तेव्हा केवळ पैशाची मस्ती म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. स्वीडनमध्ये १९७१ पासून नवराबायकोच्या मिळकतीवर वेगवेगळा कर बसू लागला. बायकोची कमाई नवऱ्याच्या मिळकतीचे शेपूट राहिली नाही. मुलगा शिकतो तो बापाच्या जिवावर नव्हे, आणि म्हातारा बाप जगतो तो मुलाच्या जिवावर नव्हे.

हाकेतसुद्धा त्यांनी हेच केले. स्वीडनमध्ये पूर्वी माणसाला त्याच्या हुद्द्याने संबोधण्याची रीत होती. १९६७ साली तिथल्या सरकारी वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी जाहीर केले, की मी कचेरीत सर्वांना एकेरीत संबोधीन आणि तेही मला तसेच संबोधोत. त्या सुमारास सारा देशच ‘तू’ म्हणू लागला. त्यांनी अंतर मिटविले ते नाते गाळून; आपण मिटवितो ते नाते जोडून. मावशींना ती मुले पहिल्या दिवशी नावाने हाक मारीत होती, चौथ्या दिवशी ‘मावशी’ म्हणू लागली. तो शब्द त्यांना जड गेला नाही. त्याच्याबरोबर कुठले बिल येत नव्हते ना!

हे सारे त्या लोकांच्या रक्तातच आहे, असे म्हणावे तर तसेही नाही. ‘हावामाल’ नावाचे त्यांचे एक प्राचीन सुभाषितकाव्य आहे. तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या एका हस्तलिखितात ते जपले गेले. त्यात मित्राने मित्राला भेट द्यावी, भेटीला भेटीने उत्तर द्यावे, असाच उपदेश आहे. मार्सेल मोस या फ्रेंच पंडिताने दानावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा आरंभी याच काव्यातली कडवी घातली. म्हणजे त्या मुलांची खापरपणजी आणि माझी आजी फराळाच्या ताटाबाबत एकमताच्या होत्या. वाट बदलली ती अलीकडे, आणि समजून-उमजून.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन टोके महाभारत-भागवतानेच दाखवून ठेवली आहेत. द्रोण बालमित्र म्हणून द्रुपदाच्या दरबारात गेला, तेव्हा द्रुपदाने त्याला सुनावले, की मैत्री बरोबरीच्यांत होते. राजाची आणि दरिद्र्याची मैत्री कसली? त्या एका वाक्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर उगवले. आपण द्रुपदाला उद्धट म्हणतो, आणि तो होताच. पण त्याचे म्हणणे खोटे होते का? मला वाटते, या उत्तरेकडच्या लोकांनी द्रुपदाचे म्हणणे खरे मानले, आणि त्यातून निराळाच निष्कर्ष काढला. बरोबरीवाचून मैत्री नाही ना? मग कुणी दरिद्री राहू नये, अशीच व्यवस्था करू या! दुसरे टोक सुदाम्याचे. कृष्णाने त्याचे पोहे सर्वांदेखत खाल्ले, पण स्वतः जे दिले ते त्याच्या हातात दिले नाही. सुदामा रिकाम्या हाताने परत निघाला आणि घरी पोहोचल्यावर त्याला कळले. मित्राचे घेणे जगाला दिसावे आणि आपले देणे त्यालाही दिसू नये, ही कृष्णाची रीत. पण कृष्ण कितीसे निघतात? आमच्या ओळखीत एकाने मित्राला मुलीच्या लग्नासाठी पैसे दिले. पैसे व्याजासकट परत आले. पण लग्नाच्या मांडवात देणाऱ्याने चार जणांत ती गोष्ट काढली होती. आज वीस वर्षे ते दोघे एका ओट्यावर बसलेले नाहीत.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती थोडी गंभीर आहे. माच्छापुछ्रेच्या तळावर, ३७०० मीटर उंचीवर, मावशींचे डोके विलक्षण दुखू लागले. मग उलट्या झाल्या. विरळ हवेचा हा त्रास अंगावर काढायचा नसतो. खाली उतरणे हाच त्यावर उपाय. अन्नपूर्णेचा तळ अवघा दोन तासांवर, ४१३० मीटरवर होता. वाटाड्याचा मदतनीस त्यांना घेऊन उतरणार होता. मी बरोबर निघाले. त्यांना घरून आणण्याची जबाबदारी माझी होती. पण नॉर्वेची एक मुलगी, परिचारिकेचे शिक्षण घेणारी, काही न बोलता आपली पिशवी पाठीला लावून उभी राहिली. या तळासाठी ती दोन वर्षे पैसे साठवीत होती. मी तिला तसे म्हटलेही. तेव्हा तिने सांगितले, की आमच्याकडे डोंगराचे काही नियम पोरासोरांना पाठ असतात. १९६७ च्या ईस्टरच्या सुटीत बरीच माणसे डोंगरात दगावली, तेव्हापासून ते घरोघर पोहोचले. वेळेवर मागे फिरण्यात लाज नाही, हा त्यांतलाच एक नियम.

सारी वाट ती मावशींच्या पुढे चालली, दर थोड्या वेळाने त्यांना थांबवून, पाणी पाजून, नाडी पाहून. संध्याकाळपर्यंत आम्ही बरेच खाली आलो, आणि मावशींनी कोमट भात मागितला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. जेवण झाल्यावर त्यांनी अंगावरची लोकरीची शाल काढली आणि त्या मुलीच्या खांद्यावर घातली. तिने ती हळूच घडी करून परत दिली. थंडीत तुम्हालाच लागेल, म्हणाली. मावशी ऐकेनात. “तू माझ्यासाठी एवढे केलेस, मी तुझे काय लागते?” तेव्हा ती मुलगी म्हणाली, “तुम्ही माझे काहीच देणे लागत नाही. तुमच्या जागी दुसरे कुणीही असते, तरी मी उतरलेच असते.”

ती हे दिलासा म्हणून बोलली. पण मावशींच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते आनंदाचे नव्हते. रात्री अंथरुणात त्या मला म्हणाल्या, “कुणीही असते तरी? मग माझ्यासाठी नाहीच ना उतरली ती.”

मैत्रीचा सारा पेच या एका शब्दात आहे: ‘कुणीही’. आपल्याला मदत हवी असते ती आपल्या नावाने. तू माझा म्हणून मी तुझ्यासाठी धावलो, हे ऐकायला कान आसुसलेले असतात. पण याच वाक्याची दुसरी बाजू अशी, की जो माझा नाही त्याच्यासाठी मी धावणार नाही. आपल्या समाजात ‘माझा’ कोण आणि परका कोण, हे जन्माच्या दाखल्यावर ठरत आले. अडचणीतल्या माणसाचे आडनाव विचारून मग पाण्याचा पेला पुढे करणारी घरे आपल्या गावांत होती, आणि ती सगळीच नाहीशी झालेली नाहीत. चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांनिशी महाडला जावे लागले, ते या ‘माझा-परका’ हिशेबापायीच. त्या हिशेबापुढे ‘तुमच्या जागी कुणीही असते तरी’ हे वाक्य ठेवून पाहा. बुद्धाने जी मैत्री सांगितली ती याच जातीची, आणि ज्ञानेश्वरांनी पसायदानात जे मागणे मागितले त्यातही नातलगांची यादी नाही. सर्व जीवांसाठी ते मागणे आहे.

तरीही मावशींचे अश्रू खोटे होते, असे मला म्हणवत नाही. स्वीडनच्या मुलाने एकदा आपल्या आजीबद्दल सांगितले होते. ती एकटी राहते. औषध, जेवण, मदतनीस, सारे नगरपालिकेकडून येते. “तिला कुणाची गरज पडत नाही,” तो अभिमानाने म्हणाला, आणि जरा थांबून म्हणाला, “कदाचित तिला तेच आवडत नसेल.” एकेकट्या माणसांची घरे जगात जिथे सर्वांत अधिक, अशा देशांत त्याचा देश मोडतो. तिथे ऋण नाहीसे झाले आहे असे नाही. ते कराच्या रूपाने अशा ठिकाणी जमा होते, जिथे त्याला चेहरा नाही. चेहऱ्यापुढे मान वाकवावी लागते, हे खरे. पण चेहऱ्याकडे पाहून हसताही येते. इकडे आपणही फार मिरवू नये. आईबापांना पोसावे म्हणून या देशाला २००७ साली कायदा करावा लागला. पितृऋणाचे गोडवे गाणाऱ्या आपल्यावर ही पाळी यावी, याचा अर्थ चेहऱ्याचे ऋणही बुडविता येते.

३ नोव्हेंबरला भाऊबीज आली, तेव्हा आम्ही छोमरोंगला उतरलो होतो आणि बाराही जण पुन्हा एकत्र झालो होतो. नेपाळात हा दिवस भाईटीकेचा. आम्ही उतरलो त्या घरची मुलगी आपल्या भावांच्या कपाळी सात रंगांचा टिळा लावीत होती, गळ्यात मखमलीच्या फुलांच्या माळा घालीत होती. ते पाहून मावशींनी ताट मागून घेतले आणि आमच्या मुलांना ओवाळले. मग त्यांनी त्या नॉर्वेच्या मुलीलाही पाटावर बसविले. “अहो, भाऊबीज आहे ही,” काका म्हणाले. “असू दे,” मावशी म्हणाल्या, “माझ्यासाठी डोंगर उतरली, ती मुलगी असली तरी माझा भाऊच.” ओवाळणी घालायची असते हे कळल्यावर तिने हळूच मला विचारले, “बरोबर रक्कम किती?” मी मावशींना मराठीत सांगितले. त्या म्हणाल्या, “बरोबर रक्कम असती, तर त्याला ओवाळणी कशाला म्हटले असते?” मुलगी क्षणभर गोंधळली. मग तिने खिसे चाचपले आणि एक नॉर्वेजियन क्रोन ताटात टाकला. त्या नाण्याला मधोमध भोक असते. आपल्याकडे १९४० नंतरच्या दशकात भोकाचा पैसा असे, तसे. तिथे त्याचा काहीच उपयोग नव्हता. मावशींनी तो पदराच्या टोकाला बांधला.

त्या दिवशी मावशींनी काय केले, हे मला पुढे उमगले. फेडता येत नाही म्हणून त्या रडल्या होत्या. आता त्यांनी फेडण्याचा नाद सोडला आणि उलट आणखी एक नाणे घेतले. घेणे एवढ्या मोकळेपणाने जमले, म्हणजे वही आपोआपच मिटते.

मदत करताना ‘कुणीही’ हाच शब्द मनात असावा, असे मला आता वाटते. आपल्या जिव्हाळ्याची माणसे सोडून जगात बाकीची फार आहेत, आणि डोके त्यांचेही दुखते. पण मदत झाल्यानंतर, ती कुणी केली आणि कुणाला केली, हे मात्र नावानिशी लक्षात राहावे. मदतीला नाव नसावे, आठवणीला असावे. पहिली गोष्ट ती मुले आम्हाला शिकवून गेली. दुसरी आपण त्यांना शिकविली, असे मी मोठ्या तोऱ्यात लिहिणार होते. पण तेही खरे नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये मावशींच्या फोनवर तिचा निरोप आला. आरंभीच तीन नॉर्वेजियन शब्द होते, ‘तक्क फोर सिस्त’. आम्ही अर्थ विचारला. एकदा एकत्र घालविलेल्या वेळेनंतर माणसे पुन्हा भेटली, की तिकडे याच शब्दांनी सुरुवात करतात: मागच्या खेपेबद्दल आभार. मग ती खेप आठवड्यापूर्वीची असो, की वर्षापूर्वीची. डॅनिश आणि स्वीडिश भाषांतही हीच रीत आहे. ज्यांना एका चहाचे देणे रात्रभर ठेववत नाही, ती माणसे मागच्या भेटीची आठवण मात्र पुढच्या भेटीपर्यंत न फेडता जपून ठेवतात. मावशींनी ते शब्द देवनागरीत लिहून घेतले आहेत, आणि हल्ली शेजारणीला जिन्यात गाठून त्या तेच म्हणतात. शेजारीण बुचकळ्यात पडते; पण हसते.